अक्काची पत्रावळ

खामगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची धूळ खाऊन खाऊन माझा बाप खोकल्याने गेला. त्याच्यामागे माय त्याच जिनात कापसातला कचरा वेचायला लागली. घर एका खोलीचं. पोटात कधी आंबील, कधी नुसतं पाणी. तशातही तिने मला अमरावतीला कॉलेजात ठेवलं, आणि मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सही करत नव्हतं. याचा मला अभिमान होता, आजही आहे. उगाच लाजत बसणारा माणूस मी नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, जन्मतःच मंद बुद्धीची. वयाने वाढली, समज लहान पोराएवढी. लोक 'येडी' म्हणत. माय आधी तिला जिनात सोबत नेई. एकदा ती यंत्राच्या फिरत्या पट्ट्याकडे हात पसरून निघाली आणि मुकादमाने तिला फाटकाबाहेर काढलं. तेव्हापासून दिवसभर अक्का कुठे असते, हे मी कधी विचारलं नाही. सुट्टीत घरी आलो की माय रजा घेई आणि अक्का अंगणात बसलेली दिसे.

निकाल लागला त्या दिवशी न कळवताच निघालो. जलंबला गाडी बदलली, दुपारी घरी पोचलो. दाराला बाहेरून कडी. उघडून पाहतो तर अक्का मधल्या खांबाला बांधलेली. पायात गोऱ्ह्याचं दावं. शेजारी पाण्याचा गडू. मला पाहून ती हसली. पिशवी दारातच टाकून मी आधी दाव्याची गाठ सोडली.

संध्याकाळी माय आली तसा मी ओरडलो, "माय, हे काय व्हय? जनावर हाये का ते?"

"दोनदा इहिरीच्या काठावर सापडली," माय म्हणाली. डोळ्यात पाणी नाही, काही नाही. "मी जिनात जाऊ का हिले राखू? तूच सांग. शिकलेला हायेस."



दोन दिवसांनी रोहिणखेडचे मामा आले. भाकरी मोडता मोडता त्यांनी ठरलेली गोष्ट सांगितली. लगनसराई उरकली की छकडा घेऊन येणार, अक्काला दूरच्या एका देवस्थानी नेणार आणि तिथेच सोडून येणार. "देवाच्या दारी चार घास भेटतात. तुह्या मायचं वय झालं. उद्या तुले नोकरी लागन, तू जाशीन. मंग हिचं कोन पाह्यन?"

मी मायकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. म्हणजे हे दोघांचं आधीच ठरलं होतं.

"मामा, मी शिकवतो तिले," मी म्हणालो. "घरात बसून काई काम करू लागली, एकटी राहू लागली, तर नेऊ नका."

"बी.ए.वाले साहेब," मामा हसले, "हिले कलेक्टर करता का? करा बाप्पा. छकडा आनतो तवा पाहू."

कॉलेजात आम्हाला मानसशास्त्र होतं. त्यात उंदीर शिकत, माकडं शिकत. अक्कासारख्या माणसाबद्दल एक ओळ नव्हती. मी आपला पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. अक्काने पेन्सिल चाटली, पाटीवर थुंकली आणि टाळ्या वाजवल्या. आठवडाभर हेच चाललं.

मग एका सकाळी, मी घरात आहे हे विसरून गेल्यासारखी, अक्का न्याहारी करून उठली. चूळ भरली. कोपऱ्यातलं दावं आणलं, खांबाजवळ बसली आणि मायपुढे पाय लांब केला.

मी मायला विचारलं, "हे हिले कोनं शिकवलं?"

"कोन शिकवन? रोजचंच हाये ते."

जिला काही येत नाही म्हणून आम्ही सोडायला निघालो होतो, तिला इतकं सगळं, एकामागून एक, येत होतं. रोज तेच, त्याच जागी, त्याच क्रमाने. आम्ही तिला बांधून घ्यायला शिकवलं होतं. न शिकवता शिकवलं होतं.

दावं मी बाहेर फेकलं. पाटी ठेवून दिली.

लग्नाच्या दिवसांत माय लग्नघरांना पळसाच्या पत्रावळी लावून देई. न्याहारी झाली की त्याच खांबाजवळ मी पानं आणि ती टाचायच्या काड्या मांडू लागलो. पहिल्या पानापासून शिकवायला गेलो तर अक्का मध्येच उठून जाई. मग मी उलटं केलं. पत्रावळ पुरी लावायची, फक्त शेवटची काडी अक्कासाठी ठेवायची. ती काडी अक्काने टोचली, पत्रावळ पुरी झाली, ढिगावर गेली. ती खदखदून हसली आणि दुसरी मागू लागली. ती काडी जमल्यावर शेवटचं पान ठेवलं. मग दोन पानं. असा मी मागे मागे सरकत गेलो. पानं फाटत, काड्या बोटात शिरत, रडारड होई. शेजारीण दारातून विचारी, "काऊन बे, बी.ए. होऊन पत्रावळी लावून राह्यला?"

"हाव काकू. तुमाले पायजेत का?"

पुढे पुढे मी अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसू लागलो. अक्का आत एकटी लावत राही, दार उघडं असूनही उठून जात नसे.

छकडा आला. मामा आत आले आणि अक्कासमोर बसले. मी दारात उभा. अक्काने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पान घेतलं, काडी टोचली, दुसरं पान. सगळी पत्रावळ झाल्यावर ती तिने ढिगावर ठेवली नाही. मामांच्या पुढ्यात ठेवली.

मामांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "अबे, हे हिनंच केलं?" मग मायला म्हणाले, "वाढ वं बाई. पातळ वरण वाढ, पाहू दे गळते का."

ते जेवले. वरण गळलं नाही. हात धुतले आणि रिकामा छकडा घेऊन रोहिणखेडला परत गेले.

त्या लगनसराईत अक्का पहिल्या पानापासून शेवटच्या काडीपर्यंत पत्रावळ लावायला शिकली, आणि आमच्याच घरी राहिली.