पद्मजाचा विषय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसं माझं छान चाललंय — सोलापुरात एमएडच्या मुलांना शिकवतो, संशोधनासाठी इंटरनेटवर संदर्भ कसे शोधायचे ते दाखवतो. या तासाला मला खरंच मजा येते.

पण पद्मजाच्या वेळी मला शोधता येत नव्हतं.

पद्मजा शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली. घरी तेलुगू, शाळा मराठी. तिला लघुप्रबंध अशाच मुलांवर करायचा होता — पहिलीच्या वर्गात ती गप्प का बसतात? "मीपण वर्षभर गप्पच होते की, सर," ती म्हणाली होती.

ग्रंथालयात संशोधन-लेखांचा डेटाबेस होता. मी काय केलं? तिचं अख्खं शीर्षक शोधाच्या चौकटीत टाकलं, तेही मराठीतच. निकाल शून्य. पुन्हा टाकलं — शून्य. ग्रंथपाल मॅडम दहा पावलांवर बसलेल्या. 'मला हे येत नाही' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण इतकी वर्षं शिकवणारा मी… पद्मजाला म्हणालो, "यावर काही कामच झालेलं नाही. विषय बदल." ठाम आवाजात. तिनं माझ्यासमोरच वहीतलं शीर्षक खोडलं आणि परीक्षापद्धतीवरचा एक नेहमीचा विषय घेतला.

महिन्याभरानं मॅडमनी आम्हा प्राध्यापकांचा वर्ग घेतला. अख्खं वाक्य टाकू नका, नेमके शब्द काढा, इंग्रजी प्रतिशब्द घ्या, एक चांगला लेख मिळाला की त्याची संदर्भयादी धरून पुढं जा. सरावाला मी पद्मजाचाच विषय घेतला. घरची भाषा, शाळेची भाषा, पहिलीचा वर्ग — पडद्यावर लेखच लेख. खाली सरकवत राहिलो, यादी संपेना.

"जमलं की सर," मॅडम मागून म्हणाल्या. मी घाईनं पान बंद केलं.

पद्मजाचं काम तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. ती रोज वर्गात समोर असायची. सांगता आलं नसतं का? आलं असतं. मग तिला कळलं असतं — सरांना शोधताच आलं नव्हतं.

परवा ती भेटायला आली. माळशिरसला शिक्षिका आहे, आनंदात आहे. म्हणाली, "तुम्ही वेळेवर सांगितलंत सर, नाहीतर त्या विषयात माझं वर्ष गेलं असतं."

आणि मी — मी म्हणालो, "अगं, ते माझं कामच आहे."

पहिल्या वेळी मला शोधता येत नव्हतं. या वेळी येत होतं, आणि ती समोर बसली होती.