दोन मिनिटवाल्या मॅडम

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण एकतीस पोरांना साक्षीला बसवून केला तो एकदाच. शाळा फोनवर भरत होत्या त्या वर्षीची गोष्ट. आमच्या नागपुरातल्या शाळेची मी पर्यवेक्षिका. दुसऱ्यांच्या तासांना गुपचूप हजर राहायचं आणि निरीक्षण वहीत शेरे मारायचे, हे माझं काम. एका सकाळी सहावीच्या विज्ञानाच्या तासाला अशीच शिरले, तर सगळं चिडीचूप. मॅडम गप्प, पोरं गप्प. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. तिला म्हणाले, "पोरायले झोपवून राहिली वं ही बाई. दिवाळीनंतर हिले घरीच बसवते." माझा माइक चालू होता.

ती बाई म्हणजे आमच्या दोन मिनिटवाल्या मॅडम. हे नाव पोरांनी ठेवलेलं. भिवापूरकडच्या, मिरचीची शेती असलेल्या घरातल्या, वय पस्तिशीचं, नेमणूक तात्पुरती. दिवाळीनंतर त्यांना ठेवायचं की नाही हे माझ्या शेऱ्यांवर ठरणार होतं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मला जरा जास्तच ठाऊक होतं.

तास सुरू झाला की त्या म्हणायच्या, "फोन उपडा ठेवा. दोन मिनिटं काही करू नका. काय ऐकू येते ते नुसतं ऐका." मग एकेका पोराला विचारायच्या. कोणी कुकरची शिट्टी सांगायचं, कोणी शेजारच्या काकांचं खाकरणं. सगळ्यांचं ऐकून झालं की मग धडा. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं अशी गेलेली पाहून माझा जीव वरखाली व्हायचा. मी वहीत मिनिटं मोजून लिहायची, जशी काही ती माझ्याच आयुष्यातून कापली जात होती.

आमच्या सगळ्यांच्या घरी नेट गेलं की आकांत व्हायचा. कोणी गच्चीवर धावतं, कोणी राउटरला धपाटे घालतं. मी तर एकदा स्टुलावर चढून फोन छताला टेकवला होता, वय वर्षे सत्तावन्न. या बाईंना मात्र फिकीर नाही. म्हणायच्या, "नेट हळू चालून राहिलं त चालू द्या नं. आपण काहून पळून राहिलो?" हे ऐकून मला असा संताप यायचा की काय सांगू. शांत माणूस समोर असला की घाईतल्या माणसाला तो अपमान वाटतो.

आणि मी स्वतः घ्यायची तो तास? एकदा ऐकाच. आधी व्हिडिओ, मग दोन लिंका, मग चाचणी, शेवटी गृहपाठाची पीडीएफ, आणि हे सगळं करताना दुसऱ्या हाताने हजेरी. पोर्शन मी सगळ्यांच्या आधी संपवला आणि स्टाफच्या ग्रुपवर तसं जाहीरही केलं. मग परीक्षा घेतली. अठ्ठावीस उत्तरपत्रिकांच्या शेवटी एकच वाक्य होतं: 'विद्यार्थी आपापल्या अनुभवानुसार उत्तर लिहितील.' पोरांनी गाइडातली सूचनासुद्धा उतरवली होती. त्याहून गंमत म्हणजे त्या सगळ्यांना मी दहापैकी नऊ गुण देऊन मोकळी झाले होते. ते वाक्य मला दाखवलं सुनेनं, उत्तरपत्रिका सहज चाळताना.

कुठून तरी हे दोन मिनिटवाल्यांच्या कानावर गेलं. स्टाफच्या सभेत त्या हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "पोर्शन तुमचा पूर्ण झाला मॅडम, पोरांचा अजून सुरूच नाही झाला." मी वहीत लिहिलं, 'उद्धट'. आठवड्यातून एक-दोनदा त्या कॅमेरा बंद ठेवायच्या, त्यावर लिहिलं, 'तयारी नसावी'. आणि दोन मिनिटांवर लिहिलं, 'वेळेचा अपव्यय'. का करता म्हणून एकदाही विचारलं नाही. विचारायला वेळ कोणाला होता?

तर तो दिवस. धडा होता ध्वनीचा. मी बोलले ते सगळ्यांना ऐकू गेलं हे मला कळलंच नव्हतं. मी आपली चहा पीत होते. दोन मिनिटं संपली आणि बाई एकेकाला विचारू लागल्या. पहिल्या चार-पाच पोरांनी पंखा, कावळा, भाजीवाला असं सांगितलं. पोरं भली असतात. मग एका चुणचुणीत मुलीची पाळी आली. तिनं माझं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्यातल्या 'वं'सकट. माझ्या हातातला चहा हातातच राहिला. बाई म्हणाल्या, "बरोबर ऐकलं. अजून कोणी ऐकलं?" आता सगळ्यांनाच धीर आला. मी पण, मी पण. एकजण म्हणाला की त्यानंतर कप ठेवल्याचा आवाज आला. बाईंनी विचारलं, "काचेचा का स्टीलचा?" तो म्हणाला, "स्टीलचा, मॅडम." स्टीलचाच होता.

मग त्यांनी विचारलं, धातूचा आवाज काचेपेक्षा वेगळा का येतो? कंपनं, माध्यम, सगळं शिकवून झालं तेव्हा तास संपायला तीन मिनिटं बाकी होती. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मला तर वाटत होतं, ही भांडली तर बरं, म्हणजे मलाही भांडता येईल.

मी संस्थेच्या सचिवांना फोन लावला. माझी वही आदल्याच दिवशी त्यांच्याकडे गेली होती. म्हटलं, माझे शेरे चुकले, मी नवे लिहून देते. ते म्हणाले, निर्णय झाला, आणि तुम्हीच तर लिहिलं वेळेचा अपव्यय म्हणून. तरी मी दुसरं पत्र पाठवलं. त्यावर त्यांनी विचारलं की दोन दिवसांत दोन मतं, तर यातलं खोटं कोणतं धरायचं? बाईंची नेमणूक गेली. नंतर त्या भिवापूरला परतल्या. गावातल्या पोरांना अंगणात बसवून शिकवतात असं ऐकलं.

पुढच्याच वर्षी आमच्या संस्थेनं बाहेरचे तज्ज्ञ बोलावून आम्हा शिक्षकांसाठी ऑनलाइन व्याख्यान ठेवलं. विषय, माइंडफुलनेस. टाय लावलेला माणूस दीड तास स्लाइड दाखवत होता. शेवटी हिंदीत म्हणाला, अब फोन उलटा रखिए और सिर्फ सुनिए. सगळ्यांनी अंगठे दाखवले, सचिवांनी आभार मानले, सगळ्यांना टपालानं प्रमाणपत्रं मिळाली. माझं मी फाडलं. फाडून काय झालं म्हणा, उशीर झाला होता.

आता मी रिकामी आजी आहे. नातीचा टॅबवरचा क्लास सुरू होण्याआधी आम्ही दोघी दोन मिनिटं गप्प बसतो. ती बसते. माझं अर्ध्या मिनिटात दुधाकडे, गॅसकडे, सुनेच्या चुकांकडे लक्ष. सहा वर्षं झाली, अजून मला एकदाही धड जमलेलं नाही. नात माझ्याकडे पाहून मान हलवते, अगदी पर्यवेक्षिकेसारखी.

पण नेमणूक गेल्याचं कळलं त्याच दुपारी मी बाईंना शोधत गेले होते, ते सांगायचं राहिलं. एका सहकारी बाईंनी पत्ता दिला तो धंतोलीतल्या एका दवाखान्याचा. बाईंच्या आईचं डायलिसिस तिथे चालायचं, आठवड्यातून दोनदा. त्यासाठीच त्या नागपुरात खोली घेऊन राहिल्या होत्या. त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर बसून, कानात वायर घालून त्या सहावीचा तास घ्यायच्या, म्हणून कॅमेरा बंद. नोकरी गेली म्हणजे आता आईला दर खेपेला भिवापूरहून आणायचं. हे सगळं जिना चढताना त्या सहकारी बाईंनीच मला फोनवर सांगितलं.

मी समोर उभी राहिले आणि सुरू झाले. माझं चुकलं, मी पत्र दिलं आहे, सचिव ऐकत नाहीत, दुसऱ्या शाळेत माझी ओळख आहे, उद्याच फोन करते, आईंसाठी काय लागतं ते सांगा. दम घ्यायलाही थांबले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "मॅडम, चूक घाईत केली त केली, माफीची काहून घाई करून राहिल्या? आईले आत्ताच आत नेलं, आज तिची तब्येत बरी नाही. मले भेव वाटून राहिलं. बसा माझ्याजवळ. काही बोलू नका."