पंख्याकडे बघून झालेली चर्चा

मार्च लागला की दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवरा मला जरा जपूनच हाक मारतो. मी सरकारी कार्यालयात आरोग्य शिक्षणाचं काम बघते, आणि मार्च संपेपर्यंत खर्च न झालेला निधी परत जातो. त्या वर्षी वसाहतीतल्या बायकांना स्तनातली गाठ स्वतः कशी तपासायची ते शिकवायला निधी आला होता. त्यातून आत गाठी असलेले रबरी नमुने घ्यायचे होते. नुसतं पोस्टर बघून बोटांना काय कळणार, कपाळ!

फाइल वित्त विभागाच्या साहेबांकडे गेली आणि शेरा घेऊन परत आली : 'कृपया चर्चा करावी.' गेले चर्चेला. साहेब सज्जन, पन्नाशीचे, लखनौकडचे. मी 'स्तन' म्हटलं की त्यांची नजर थेट पंख्यावर. "मॅडम, चाय लेंगी?" चहा झाला, चर्चा राहिली. फाइल पुन्हा आली, शेरा तोच. त्या महिन्यात इतका चहा प्यायले की पित्त खवळलं.

"अगं, लाजतोय तो माणूस," नवरा म्हणाला.

"म्हणून बायकांनी जीव गमवायचा?"

शेवटच्या आठवड्यात माझं डोकंच फिरलं. विक्रेत्याने दाखवायला दिलेला नमुना पिशवीतून काढला आणि ठेवला साहेबांच्या टेबलावर. त्यांनी झटकन त्यावर वर्तमानपत्र टाकलं. मी ते उचललं.

"सर, चर्चा करनी है ना? दबाके देखिए. गाँठ ढूँढिए."

साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग एक बोट टेकवलं. एकाची तीन झाली. पंखा विसरले. "मिली," ते हळूच म्हणाले. "इतनी छोटी?"

"छोटी पकड़ में आए, तभी तो फ़ायदा है."

त्यांनी ती गाठ पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाले, "मॅडम, यह आज घर ले जाऊँ?" आणि डब्याच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून नमुना त्यांच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी फाइल आली : 'चर्चा झाली. मंजूर.' मागोमाग साहेब स्वतः आले. पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मॅडम, मेरी पत्नी के स्तन में गाँठ है. किस डॉक्टर के पास जाएँ?" हातातलं काम टाकून मी त्यांच्याबरोबर निघाले.

गाठ लहान होती, वेळेत निघाली. देवाशपथ सांगते, मी ऑफिसातच रडले.

आता वसाहतीतले वर्ग त्यांची बायकोच घेते. "दबाओ, डरो मत," म्हणत सगळ्यांना हसवते. मी नुसती सतरंजी अंथरते. साहेब बाहेर बाकावर, बायकांना सोडायला आलेल्या नवऱ्यांमध्ये बसलेले असतात. परवा एक तरुण नवरा विषय ऐकून लाल झाला आणि उठायला लागला. साहेबांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"बैठिए," ते म्हणाले, "चर्चा करनी है."