सब्ज्याचं पाणी

भावाचं पोरगं स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन परभणीला माझ्याकडं आलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून एकोणिसाव्या वर्षीच घाई. मला ते लग्न मुळातच पटलेलं नव्हतं.

पोरगं सारखं मोरीत जायलं होतं, अन् येताना तोंड वाकडं.

"काय रे?"

"काय न्हाई आत्या, उन्हाळी लागलीय. आईनं सब्जा दिलाय." पिशवीतून त्यानं सब्ज्याच्या पाण्याची बाटली काढली. आमच्याकडं लघवीला जळजळ म्हणजे उन्हाळी, अन् उन्हाळीला सब्जा. पुढं कुणी विचारतच नाही.

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. कमी-जास्त होतंय."

"संक्रांतीला कसली रे उन्हाळी, मेल्या?" माझं टाळकंच सरकलं. "ऊसतोडीच्या टोळीत दारू पितोस?"

तो बाटलीचं झाकण फिरवत बसला.

"पिऊन कुठं गेला होतास?"

"गड्यांनी एका बाईकडं नेलं, आत्या. लय पाजली होती. कळतच नव्हतं."

हात उचलला होता मी. पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं अन् माझा हात खाली आला. तशीच रिक्षा केली, सरकारी दवाखाना गाठला. वाटेत एकच गोष्ट छातीवर बसली होती: त्याची होणारी बायको. नुकतीच बारावी झालेली, तिला काय माहीत?

डॉक्टरांनी विचारलं, "कंडोम वापरला होता?" पोरगं फरशी बघायला लागलं. "शाळेत काहीच शिकवलं नाही?"

"तो धडा दहावीला असतो," मीच फणकारले. "हा नववीतच शाळा सोडून ऊसतोडीला कोयत्यावर गेला."

हा संबंधातून लागणारा रोग आहे, बायकोलाही होईल, असं सांगून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्त घेतलं. एचआयव्हीची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करायची, तोवर लग्न नाही.

बाहेर आल्यावर पोरगं पाया पडलं. "आत्या, कुणाला सांगू नको. पत्रिका वाटल्यात."

"मी न्हाई सांगत. तू सांग. तिला. आत्ता, माझ्यासमोर."

लिंबाखाली उभं राहून त्यानं फोन लावला. अडखळत, रडत, सगळं सांगितलं. मी मोबाइलला कान लावून उभी. मला वाटलं, आता शिव्या घालील.

ती एवढंच म्हणाली, "अन् मला झालं असतं, तर मलाबी सब्जाच पाजला असता ना तुमी?"