लोणच्याच्या बरणीतली वाइन
हिंगाचा डबा उघडला की ब्याऐंशी सालचा तो उन्हाळा आठवतो. रत्नागिरीच्या कातळात द्राक्षं लावायचं खूळ आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरलं होतं. आंबा-काजू सोडून द्राक्षं! विहिरीचं पाणी ओढून वेली जगवल्या मी. शेवटी टोपलीभर आंबट द्राक्षं आली. इकडे मी कैऱ्या चिरून बसले आणि लोणच्याची बरणी बघते तर ह्यांनी तिच्यात वाइन घातलेली! महिन्याने झाकण काढलं, तर हिंग-मोहरीचा भपकारा. घोट घेऊन हे विचारतात, "तळलेल्या बांगड्याबरोबर चालेल ना गो?" मी भडकून म्हटलं, "दहीभाताबरोबर घ्या!" तर खरंच घेतली, वर म्हणाले, "फर्स्टक्लास!" अजून तितकाच संताप येतो, भांडायला मात्र समोर कोणी नसतं.