तिसरा ठोका

काळीज वाजतं ते लब-डब, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. अंबिकाच्या पट्ट्यात मात्र तिच्या गावची, उदगीरची माणसं लब-डब-टक् वाजायची, आणि त्या एका 'टक्'पायी तिची पीएच.डी. अडली होती.

पट्टा तिनंच नांदेडच्या प्रयोगशाळेत केलेला. छातीला बांधायचा, आतला माइक ठोके ऐकून दूरच्या डॉक्टरला पाठवणार. नांदेडच्या माणसांचे ठोके स्वच्छ. तिचे स्वतःचेही. उदगीरलाच कुठून आलं हे टक्? तिनं माइक बदलला, वायर बदलली. टक् काही जाईना.

"उदगीर काढून टाक," मार्गदर्शक सिंधु मॅडम म्हणाल्या. "सोमवारी समिती आहे."

"मॅडम, अर्धा प्रबंध जाईल."

"मग कारण शोध!"

ती उदगीरला आली आणि वडिलांनाच पट्टा बांधला. चंद्रप्पा आडत दुकानदार. बोलण्यात भल्याभल्यांना हार जात नसत.

"तिनदा वाजायलंय म्हन्तीस? तुरीचा भाव ऐकून दचकलं असंल."

"एक ठोका माझ्या नावाचा असंल," आई उमादेवी चुलीजवळून म्हणाली.

"तुझ्या नावाचा असता तर कवाच बंद पडला असता!"

अंबिकाला हसू येईना. सगळ्या गावाच्याच काळजात खोट कशी असेल? की आपल्याच डोक्यात?

पट्टा तसाच ठेवून चंद्रप्पा पूजेला बसले. गळ्यातली चांदीची डबी काढली, त्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. स्क्रीनवर लब-डब. लब-डब. टक् गायब!

"आप्पा, काय केलंत?"

"पूजा! आनी काय?"

पूजा उरकली, डबी पुन्हा गळ्यात. लब-डब-टक्. काळजाच्या प्रत्येक धक्क्यानं डबी पट्ट्यावर आपटत होती. उदगीरला तिनं मोजलेली सगळी माणसं तिच्याच लिंगायत गल्लीतली, प्रत्येकाच्या गळ्यात अशीच डबी.

"गळ्यातलं सगळं काढा म्हणलं होतं ना?"

"काढली की चेन."

"आणि लिंग?"

"ते गळ्यातलं हाय व्हय? ते तर अंगच हाय!"

अंबिकाचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. तिचं लिंग कापडात बांधलेलं, म्हणून मुकं. तेही काढावं, हे तिला तरी कुठं सुचलं होतं?

तिनं मॅडमना फोन लावला.

"सापडलं ना? मग काढायला सांग, पुन्हा मोज."

"मॅडम, लिंग मेल्यावरही अंगावेगळं करत नाहीत."

मॅडम म्हणाल्या, "पट्टा कुणासाठी केलायस, अंबिका?"

हे रागावणं होतं की विचारणं, तिला कळेना. काढा म्हणावं तर आप्पांना पट्टा नको. काढू नका म्हणावं तर समितीला प्रबंध नको. तिनं स्क्रीनवरचं टक् पुन्हा पुन्हा ऐकलं; दर वेळी अगदी सारखंच.

"आप्पा, इकडं बसा. पट्टा काढू नका. डबीपण."

"आता काय?"

"टक् कसं वाजतं ते पट्ट्याला शिकवते. म्हणजे ते सोडून बाकीचं ऐकंल."

"सोमवारपत्तूर शिकंल का?"

"न्हाई म्हाईत," अंबिका म्हणाली. "श्वास घ्या."