शेवटच्या बाकावरची सालोमीमावशी

सालोमीमावशी फोन उचलत नसे. मोबाइल वाजून वाजून थकला तरी ती आपली शांतपणे मेथी निवडत बसलेली. जिनं अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिले, तिनं स्वतःचा एक फोन उचलू नये, याचं आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना हसू यायचं. कुणी छेडलं तर म्हणायची, "तीस वर्षं उचलला बापा. आता दुसऱ्यानं उचलावा." तिला काही सांगायचं असलं की ऑटोत बसून ती सरळ तुमच्या दारात यायची. निवृत्तीनंतर ती अमरावतीला, भाची आशाकडे राहायला आली होती.

तशीच ती एका सोमवारी माझ्या दारात आली. मी नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आठवडाभर मागांचा खडखडाट ऐकायचा आणि रविवारी चर्चमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायची, हे माझं आयुष्य. आमच्या चर्चमध्ये पेटी-तबला आजोबांच्या काळापासूनचे. गिटार मी आणली, आणि त्याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू! पायाशी तीन पेडल, समोर अॅम्प्लिफायर, आणि डोळे मिटून वाजवणं. डोळे मिटल्यावर माणूस फार भक्तिमान दिसतो असा माझा समज होता. मावशी खुर्चीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "काल तुले राग आला व्हता का रे कोनाचा?"

मी म्हणालो, नाही बा.

"मंग गिटारीले आला असन," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून चहाची वाट पाहत बसली.

मला तेव्हा तिचा मनस्वी संताप आला. एक म्हातारी, जिनं आयुष्यात तारेला बोट लावलं नाही, ती मला शिकवणार! चहा दिला आणि विषय बदलला. पण पुढच्याच महिन्यात हंगामाचा सण आला आणि माझी फजिती झाली.

आमच्याकडे हंगामाच्या सणाला शेतकरी मंडळी आपापल्या शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात. ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, संत्री, आणि वऱ्हाड म्हटल्यावर कापूस. मी शनिवारी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये तास-दीड तास घालवून आवाज लावून ठेवला होता. रविवारी सकाळी येऊन पाहतो तर चांदूर रेल्वेकडच्या एका कुटुंबानं कापसाची सहा-सात गाठोडी आणलेली, आणि वेदीपुढे जागा उरली नाही म्हणून ती माझ्या अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी रचलेली. देवाला दिलेली वस्तू, हलवा असं कसं म्हणणार? पहिलं गीत सुरू झालं आणि माझी गिटार उशीत तोंड खुपसून रडल्यासारखी वाजायला लागली. कापूस आवाज खातो, त्यातही बारीक, टोकदार आवाज आधी खातो, हे कापसाच्या मुलखात जन्मून मला ठाऊक नव्हतं. मी बारीक आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण पिळत गेलो, मग आवाजाचं पिळलं, मग एक पेडल दाबलं. तेवढ्यात चर्चचे पाळकसाहेब उपकारस्तुतीची प्रार्थना करायला पुढे आले आणि त्यांना उभं राहायला जागा हवी म्हणून दोघातिघांनी गाठोडी बाजूला सरकवली. मी नेमकी त्याच वेळी प्रार्थनेला साथ म्हणून हलकेच तार छेडली.

काय किंचाळली म्हणता! पुढच्या बाकावरच्या एका बाळानं जे भोकाड पसरलं ते उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादापर्यंत. पाळकसाहेबांच्या हातातलं पवित्र शास्त्र खाली पडलं. वसंतराव म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीतले सर्वांत जुने वडीलधारे, ते उठून उभे राहिले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले.

त्याच आठवड्यात कमिटी बसली. वसंतरावांचं म्हणणं सरळ होतं: हे वाद्य लग्नाच्या मांडवातलं आहे, देवाच्या घरातलं नाही. पाळकसाहेब भले माणूस. त्यांनी मधला मार्ग काढला. नाताळाच्या आधीच्या रविवारी मी एकदा वाजवायचं, कमिटी ऐकेल, आणि मग गिटार ठेवायची की कायमची बंद करायची ते ठरवेल. तोवर रविवारी वाद्य घरी. लोकांना वाटेल, एवढं काय त्यात? पण आठवडाभर यंत्रांची कामं करणाऱ्या माणसाला रविवारचा तो एक तास म्हणजे सगळं असतं. तो गेला असता तर मी चर्चला जात राहिलो असतो, पण पाहुण्यासारखा.

निमूटपणे आशाच्या घरी गेलो. मावशीनं एकदाही, मी सांगितलं नव्हतं का, असं म्हटलं नाही. तिनं मला पोळी-भाजी वाढली आणि विचारलं, "आवाज कोनासाठी लावला व्हता शनिवारी?"

मी म्हणालो, लोकांसाठी.

"लोकं कुठी व्हते शनिवारी? खुर्च्याईले आयकवलं तू." मग म्हणाली, "बुधवारी दुपारी बायाईची प्रार्थना राह्यते. तिथं आन गिटार."

महिला मंडळाच्या त्या दहा-बारा जणी. सगळ्यात थोरल्या अनसूयाबाई, ऐंशीच्या घरातल्या, त्यांचा आवाज समईच्या वातीसारखा थरथरणारा. पहिल्या बुधवारी मावशीनं मला वाजवूच दिलं नाही. गिटार खोक्यात ठेवायला लावली आणि बायकांमध्ये, शेवटच्या बाकावर नेऊन बसवलं. नऊ वर्षं मी त्या चर्चमध्ये वाजवत होतो आणि शेवटचा बाक गातो कसा हे मी कधी ऐकलंच नव्हतं. तिथं पेटी जेमतेम पोचते. तिथल्या बाया एकमेकींच्या आवाजाला धरून गातात, एकीचा श्वास संपला की दुसरी ओढून नेते. मी त्या तासाभरात मान वर केली नाही. लाज वाटत होती, दुसरं काय.

पुढच्या बुधवारपासून धडे सुरू झाले. अॅम्प्लिफायर जमिनीवरून उचलून स्टुलावर, आणि तोंड माझ्याच कानाकडे वळवलेलं. "तुहा आवाज बायाईच्या गुडघ्याले आयकू येते, तुले येतच नाही. पह्यले तू तर आयक." तीनपैकी दोन पेडल घरी गेली. मग तिनं एक गोष्ट सांगितली, ती मी पुढे किती वाजवणाऱ्यांना सांगितली असेल. टेलिफोनच्या तारेतून सगळा आवाज जात नाही, म्हणाली. खालचा जाड आवाज जात नाही, वरचा बारीकही नाही. फक्त मधला पट्टा जातो, आणि तेवढ्यावर माणूस माणसाला ओळखतो. आई लेकीला ओळखते, नवरा बायकोला. "म्हंजे मानसाचा आवाज राह्यते मधात. तू तिथंच पाय पसरून बसला. तिथून ऊठ." मी मधल्या सुरांचं बटण उतरवलं, जाड आवाज पेटीसाठी सोडला, आणि काय सांगू, समोरच्या बायांचे शब्द स्पष्ट ऐकू यायला लागले. गिटार तिथंच होती, पण दार अडवून उभी नव्हती.

हे सगळं ती शेवटच्या बाकावरून, बाकाच्या टोकाला जरा तिरकी बसून, हातानं सांगायची. तळहात खाली दाबला की कमी कर. बोटं उचलली की थोडं वाढव. पंजा सपाट ठेवला की असंच राहू दे. आणि ती कधी चुकत नसे! मी आवाज केसभर वाढवला तरी अर्ध्या ओळीत तिचा हात खाली. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, अशा कानाचं माणूस मी पाहिलं नाही. एक्स्चेंजमधल्या दिवसांचं मावशी फार बोलत नसे, पण एक वाक्य तिच्या तोंडी नेहमी असायचं. नव्या मुलींना ती शिकवायची म्हणे: "जोडून दिलं का बाजूले व्हायचं. दोघं बोलून राह्यले, तुमी मधात कायले?" मला वाटायचं ती नोकरीचीच गोष्ट सांगते आहे.

नाताळाच्या आधीचा रविवार आला. चर्च भरलेलं, आणि मुद्दाम आधी पाहून घेतलं, माझ्यापुढे गाठोडी वगैरे काही नव्हतं. पहिल्यांदाच मी डोळे उघडे ठेवून वाजवलं, कारण हात बघायचा होता. पहिल्या गीतात तळहात दोनदा खाली आला. दुसऱ्यात एकदा बोटं उचलली. तिसऱ्याच्या मध्यावर पंजा सपाट झाला आणि मग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले ते शेवटपर्यंत उचलले नाहीत.

उपासना संपल्यावर दारात एका बाईनं मला विचारलं, आज गिटार नव्हती का रे? माझं तोंड एवढंसं झालं. पाठोपाठ वसंतराव आले, छाती फुगवून. म्हणाले, "आज माहा आवाज लय मस्त लागला. बरोबर?" मी म्हणालो, बरोबर. माझ्या मागे उभी मावशी इतकी हसत होती की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. कमिटीनं पाच मिनिटांत गिटार ठेवली, आणि ठेवायचा ठराव वसंतरावांनीच मांडला.

त्यानंतर दोन वर्षं तिचा हात आणि माझी गिटार अशी जोडी चालली. मग एका बुधवारी, भर दुपारी, गीताच्या मध्यावर वीज गेली. पंखे थांबले, गिटार मेली. इलेक्ट्रिक गिटारीला वीज नसली की ती नुसती लाकडाची फळी. बाया मात्र थांबल्या नाहीत, त्यांचं छान रंगात आलं होतं. मी सवयीनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. मावशीचा पंजा सपाट होता. असंच राहू दे, असंच. मी तारांवरून हात काढला, दोन्ही हात वर केले. तिनं मान डोलवली. असंच.

गिटार बंद पडलेली तिला कळलीच नव्हती. प्रार्थना संपून बाया गेल्यावर मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि हळूच हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. उजवीकडून मोठ्यानं मारली तेव्हा पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं.

"कवापासून, मावशी?"

"हा डावा कान तर नोकरीतच गेला," ती म्हणाली. "उजवाही आता जाऊन राह्यला. जवळ येऊन बोललं, तोंड दिसलं, तर समजते."

मी रागावलो, खोटं कशाला बोलू. दोन वर्षं माझ्या सुरांची राखण करणारी बाई सूर ऐकतच नव्हती! मी म्हणालो, "मंग मले काय सांगत होती तू?"

"तुही गिटार कोन आयकत व्हतं बापा? मी बायाईचे तोंडं पाहत व्हती. गाऊन राह्यल्या तर तू बरोबर. तोंडं मिटले तर तू जास्त. इकडेतिकडे पाहाले लागल्या तर तू कमी." मग म्हणाली, "कोनाले सांगू नको. लोकं मंग कानाशी येऊन वरडतात."

मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे. त्या दिवशी तिला ऑटोत बसवून देताना माझा राग केव्हाच गेला होता, आणि त्या जागी जे आलं त्याला मी नमस्कारच म्हणेन. जिचे कान दुसऱ्यांची बोलणी जोडून देता देता गेले, तिनं माझ्यासारख्या कानवाल्याला ऐकायला शिकवलं. आणि फोन न उचलण्यावर मी इतकी वर्षं हसत होतो!

मावशी गेल्या थंडीत गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता. अंत्यविधीच्या उपासनेला आमच्याकडे फक्त पेटी असते, पण वसंतरावांनी आदल्या दिवशी निरोप पाठवला, गिटार आन. अकोल्याहून तिच्यासोबत काम केलेल्या तीन म्हाताऱ्या बाया आल्या होत्या. मी स्टुलावर अॅम्प्लिफायर ठेवला, माझ्या कानाकडे वळवला.

पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्याला मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं तर बायांची तोंडं मिटलेली. अनसूयाबाई पदर तोंडाला लावून बसलेल्या. तोंडं मिटली तर तू जास्त. मी आवाज उतरवला. तरी मिटलेली. आणखी उतरवला. पेटीवालाही थांबला. शेवटी बटण पार शून्यावर नेलं आणि चर्चमध्ये कुणीच गात नव्हतं, नुसते हुंदके. मला गाता येत नाही, माझा आवाज फुटक्या मडक्याचा आहे. पण मी त्या बायांकडे बघत तिसरं कडवं तोंडानं धरलं. एक ओळ मी एकट्यानं म्हटली. दुसऱ्या ओळीला अनसूयाबाईंनी पदर खाली घेतला आणि त्यांचा तो थरथरता आवाज आला. मग शेजारची, मग तिच्या शेजारची. एकीचा श्वास संपला तिथं दुसरीनं धरलं. पुरुषांची बाजू शेवटी उठली. चौथ्या कडव्याला मी गाणं सोडलं, पुन्हा वाजवायला लागलो आणि बटण केसाकेसानं वर आणलं, ती तोंडं उघडी आहेत तोवरच.

बाहेर पडताना वसंतराव माझ्याजवळ थांबले. डोळे पुसले आणि म्हणाले, "मधातच थांबला ना तू? शेवटपर्यंत वाजवाले पाह्यजे व्हती रे तिच्यासाठी."

चौथं आणि पाचवं, अशी शेवटची दोन्ही कडवी मी वाजवली होती. त्यांना तसं सांगितलं नाही. म्हणालो, हो काका, वाजवायला पाहिजे होती.